एका स्वस्त जपानी निसण्याची परीक्षा

(संघाच्या वार्षिक संमेलनात रत्नागिरी येथे वाचलेले भाषण)



गेल्या वर्षीच्या सभेत आपल्यातील काही तरुण मंडळींनी एक सूचना मांडली होती, ती आपणांस स्मरत असेलच. संघाच्या शिक्षणवर्गासाठी जपानी नैसर्गिक दगडाचे दहा निसणे, म्हणजे वस्तऱ्यास धार लावण्याचे दगड, विकत घ्यावेत अशी ती सूचना होती. एका दगडास सुमारे २,००० रुपये, म्हणजे दहांस २०,०००; आणि ही रक्कम विद्यार्थी-साहाय्य निधीतून तूर्त काढून घ्यावी, असेही तीत होते. त्यावर बरीच भवति न भवति झाली. जपानी वस्तू म्हणजे डोळे मिटून घ्यावी, असे एक पक्ष म्हणाला; आता वस्तराच कोठे राहिला आहे, असे दुसऱ्याने विचारले. अखेरीस एकच दगड आणवून त्याची परीक्षा करावी व निकाल पुढील सभेपुढे ठेवावा असे ठरले, आणि ते काम आम्हांवर सोपविण्यात आले. आमची योग्यता म्हणाल तर एवढीच की, आमच्या तीर्थरूपांची धोकटी घरी अद्याप शाबूत आहे आणि तीतील वस्तरे आम्ही अजून लावतो.

दुसऱ्या पक्षाच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम दिले पाहिजे, कारण तो प्रश्न खोटा नाही. एकच वस्तरा दिवसभर गालागालावरून फिरविण्याचा काळ गेला, आणि तो गेला हे योग्यच झाले. १९८६ साली तेव्हाच्या मद्रास शहरी आपल्या देशात एड्सच्या विषाणूची लागण प्रथम आढळून आली. रक्तावाटे पसरणाऱ्या काविळीचे भय तर निराळेच होते. त्यानंतरच्या वर्षांत अर्धे पाते अडकविण्याचा उस्तरा दुकानोदुकानी आला आणि दर गिऱ्हाइकास नवे पाते ही रीत पडली. आरंभी आम्ही स्वतः या उस्तऱ्याकडे पाहून नाक मुरडले होते, हे येथे कबूल करतो. पात्याचा अर्धा तुकडा मोडून दाढी करणे हे कसब नव्हेच, असे आम्ही चारचौघांत बोलून गेलो होतो. आज आम्ही ते शब्द मागे घेतो. एकाची दाढी करून तोच वस्तरा दुसऱ्याच्या गालास लावणे हा अपराधच समजला पाहिजे, आणि आज आम्ही जे सांगणार आहोत ते त्या रीतीकडे परत जाण्यासाठी मुळीच नव्हे.

मग दगड हवा कशास? तर स्वतःचा वस्तरा बाळगून स्वतःची दाढी करणारे गृहस्थ पुन्हा निर्माण झाले आहेत. मुंबई-पुण्याकडे अशी हौस बरीच आहे. कोणी आजोबांचा शेफील्डचा वस्तरा पेटीतून काढतो, कोणी सोलिंगेनचा मागवितो. दाढी करावयास हे लोक महिन्या-दोन महिन्यांत शिकतात. परंतु धार गेली म्हणजे त्यांचे हात टेकतात. वस्तरा त्यांचा, गालही त्यांचाच; तेव्हा लागणीचा प्रश्न धार लावणाऱ्याने वस्तरा जंतुनाशकाने स्वच्छ करून हाताळला व तसाच परत दिला की मिटतो. आमच्याकडे असे वस्तरे येऊ लागले आहेत, आणि एका वस्तऱ्याच्या धारेची मजुरी चार-पाच दाढ्यांच्या मजुरीइतकी पडते. ज्याचे दुकान आडगावात आहे, ज्याच्याकडे आठवड्यातून दोन दिवस गिऱ्हाईक फिरकत नाही, त्याच्या घरखर्चास एवढ्यानेही हातभार लागेल. तरुण मंडळींच्या सूचनेत जे मर्म होते ते हे, आणि ते आम्हांस मान्य आहे.

आता दगडाविषयी. आपल्या रत्नागिरीत दगडाचा तोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. घराच्या भिंती, विहिरी, गडगे सारे जांभ्याचे. परंतु जांभा पडला सच्छिद्र. त्यावर कोयती जेमतेम घासावी, वस्तरा नेला तर वस्तऱ्याची करवत होईल. घाटावरचा काळा दगड पाट्या-वरवंट्यास उत्तम, पण त्याचा कण वस्तऱ्यास फार मोठा. गंमत अशी की, धारेच्या दगडांपैकी एका मोठ्या जातीला जगाने नाव मात्र आपल्या देशातले दिले आहे. आपण ज्याला कुरुंद म्हणतो, त्याच्याच तमिळ रूपावरून इंग्रजीतील कोरंडम हा शब्द बनला. पुढे १८९१ साली अमेरिकेत अ‍ॅचेसन याने विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केला, त्याच्या नावातही हाच शब्द शिरला. आणि १९५४ पासून मद्रासेस असल्या कृत्रिम घर्षकांचा कारखानाही उभा राहिला. म्हणजे कृत्रिम दगड आपणांस परका नाही.

जपानी दगडाची गोष्ट वेगळी आहे. क्योतो शहराच्या पश्चिमेस व वायव्येस ज्या टेकड्या आहेत, तेथील नारुताकी, नाकायामा, ओझुकु इत्यादी खाणींचे दगड शतकानुशतके नावाजलेले आहेत. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी खोल समुद्राच्या तळाशी अत्यंत मंद गतीने जो गाळ साचला त्याचे हे थर. डोळ्यांना न दिसणाऱ्या समुद्रजीवांच्या गारेच्या कवचांचे अति बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारी अभ्रकाच्या जातीची माती, अशी त्यांची घडण असते. कण पोलादास कापतो, माती झिजून नवा कण वर येऊ देते. जपानी कारागीर दगडांच्या तीन पायऱ्या मानतात: अरातो म्हणजे खरबरीत, नाकातो म्हणजे मधला आणि अवासेतो म्हणजे धार पुरी करणारा अखेरचा. वस्तऱ्यास त्यांच्या भाषेत कामिसोरि म्हणतात, आणि अवासेतोंपैकीही जो सर्वांत बारीक व कठीण असेल तो कामिसोरिसाठी राखला जातो.

येथेच स्वस्त दगडाची पहिली मेख आहे. त्या जुन्या खाणींपैकी बहुतेक आता बंद आहेत. नामांकित खाणीचा निर्दोष, चौकोनी घडविलेला मोठा दगड लाखाच्या घरात जातो. मग २,००० रुपयांत काय मिळते? एक तर घडविताना उरलेले वेडेवाकडे तुकडे, ज्यांना तेथे कोप्पा म्हणतात. ते लहान असले तरी जातीने उत्तम असू शकतात. नाही तर दुसऱ्या प्रांतातील मध्यम जातीचे दगड. क्युशूजवळील अमाकुसा बेटांवरचा दगड असाच स्वस्त व चांगला आहे. पण तो सुरीस, रंध्याच्या पात्यास. त्याला जपानी नैसर्गिक दगड म्हणणे अगदी खरे आहे, आणि तरीही त्यावर पुरा केलेला वस्तरा गालास सोसणार नाही. कृत्रिम दगडावर क्रमांक असतो: १००० क्रमांकाचा कण सुमारे १२ मायक्रॉनचा, ८००० क्रमांकाचा सव्वा मायक्रॉनच्या आसपास, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नैसर्गिक दगडास असा क्रमांक नसतो. विकणाऱ्याने १०,००० असे लिहिले असेल तर तो त्याचा अंदाज समजावा, मापन समजू नये.

आमचा दगड जहाजावर नोकरीस असलेल्या आमच्या एका भाच्याने कोबे बंदरातून आणला. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, रुंदी ५, जाडी २, वजन ४०० ग्रॅमच्या आतबाहेर. रंग फिकट पिवळसर करडा, एक कोपरा वाकडा, आणि त्या कोपऱ्याकडून निघून एका कडेने गेलेली गडद तपकिरी रेघ. शिक्का नाही, खाणीचे नाव नाही. शिक्का नाही याचा आम्हांस विषाद वाटला नाही, कारण शिक्का काय, कोणीही मागाहून उठवू शकतो.

प्रथम आम्ही तो सपाट केला. जाड काचेवर पाण्यातला पॉलिश कागद पसरून, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखून, सर्व रेघा सारख्या पुसल्या जाईपर्यंत तो घासला. बाजू आणि तळ यांना व्हार्निश दिले. जपानात यासाठी लाख वापरतात. असले थरांचे दगड बाजूने पाणी पिऊन कालांतराने उकलतात, म्हणून हा उपाय. वरच्या अंगावर पाण्याचे चार थेंब टाकले ते बराच वेळ तसेच राहिले. म्हणजे दगड घट्ट आहे, ही चांगली खूण. नखाने चरा उठेना, हीही चांगली. मग वाकडा कोपरा करवतीने कापून अंगठ्याएवढा तुकडा काढला. या दगडावर त्याच्याच जातीचा लहान तुकडा पाण्यात घोळून दुधासारखा पातळ लगदा काढतात आणि त्यात पाते फिरवितात. त्या तुकड्यास जपानीत तोमोनागुरा म्हणतात. कोपरा वायाच जाणार होता, त्याचा उपयोग झाला, म्हणून त्या दिवशी आम्ही स्वतःवर फार खूश होतो.

परीक्षेसाठी तीर्थरूपांचे दोन शेफील्डचे वस्तरे घेतले, एकाच घडणीचे. तरुण मंडळींसाठी रीत थोडक्यात सांगतो. वस्तरा दगडावर पुरता आडवा निजवावा. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकल्या पाहिजेत. सुरीप्रमाणे येथे हाताने कोन धरावयाचा नसतो. पाठीची जाडी हीच कोन ठरविते, घडविणाऱ्याने ते काम आधीच करून ठेवलेले असते. धार पुढे ठेवून पाते न्यावे, टोकास पोहोचताच पाठीवर उलटवावे आणि परत आणावे. धारेवर उलटविले की सारा खेळ आटोपला. चामडी पट्ट्यावर मात्र याच्या उलट. तेथे पाठ पुढे आणि धार मागून येते. दाब म्हणाल तर वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाहून फारसा अधिक नको. आमचे तीर्थरूप धार लावताना आमच्या मनगटावर दोन बोटे ठेवून बसत. दाब वाढला की बोटे उचलून टिचकी मारीत. त्या टिचक्या आम्ही वयाच्या अकराव्या वर्षापासून खाल्ल्या आहेत, आणि तरीही पुढे जे घडले ते घडलेच.

पहिल्या दिवशी अर्धा तास खपून वस्तरा गालास लावला तो खेचू लागला. दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी हनुवटीखाली रक्त आले. दगड निरुपयोगी आहे असे आम्ही वहीत लिहून टाकले. किंबहुना, मनातून थोडे बरेही वाटले; परदेशी वस्तूचा बडेजाव मोडल्याचे समाधान आम्हांस होत होते. सुदैवाने चिरंजीवांनी घड्याळजीकडचे भिंग आणले. त्याखाली पाहता मुठीकडच्या बोटभर लांबीत दोन्ही अंगांचे उतार धारेवर एकमेकांस मिळालेच नव्हते. दोष दगडाचा नव्हता, आमचा होता. अवासेतो हा अखेरचा दगड. तो असलेली धार पुरी करतो, नसलेली निर्माण करीत नाही. खालचे काम आम्ही १००० क्रमांकाच्या दगडावर घाईने उरकले होते. वस्तरा पुन्हा खाली नेला. मनगटावरचे केस सबंध लांबीत सारखे कापले जाऊ लागेपर्यंत तेथून हलविला नाही. मग मधले दगड, आणि मग हा.

आता धार आली, पण भिंगाखाली तीत दोन-तीन खोल ओरखडे दिसत, आणि ते रोज नव्या जागी. याचे कारण सापडण्यास आम्हांस आठवडा लागला. तपकिरी रेघेत कठीण कण होते. दगडाच्या अंगावर आम्ही ती रेघ टाळून चालत होतो; परंतु ज्या तुकड्याने दूध काढीत होतो तो त्याच कोपऱ्याचा, रेघेच्या मुळाचा! ज्या कोपऱ्याच्या उपयोगाबद्दल आम्ही खूश झालो होतो, तोच रोज दुधात खडे कालवीत होता. तो तुकडा फेकून दुसऱ्या टोकाकडून चांगला तुकडा काढला, त्या दिवसापासून ओरखडे बंद झाले. जपानी लोक अशा रेघांची फार बारकाईने पाहणी करतात, ती का, हे त्या आठवड्यात कळले. स्वस्त दगडात त्या असावयाच्याच. किंमत कमी होण्याचे ते एक कारण आहे.

श्रावण असल्याने गंजाचाही त्रास झाला. पावसाळी खारी हवा उघड्या पोलादास एका रात्रीत डागते, आणि धारेवरचा डाग म्हणजे खड्डाच. वस्तरा कोरडा पुसून तेलाचे बोट न फिरविता ठेवला, तर सकाळी दगडास दोष देऊ नये.

इतके झाल्यावर खरी तुलना केली. दोन्ही वस्तरे सारखे तयार करावयाचे. एक अखेरीस जपानी दगडावर, दुसरा ८००० क्रमांकाच्या कृत्रिम दगडावर. दोहोंस पट्टा सारखाच. कोणता वस्तरा कोणत्या दगडावर गेला हे चिरंजीवांनी ठरवावे आणि आम्हांस सांगू नये. एका गालास एक, दुसऱ्यास दुसरा, आणि दुसऱ्या दिवशी बदल. तीन आठवडे हा क्रम चालला. परीक्षेस आमचाच गाल घेतला, कारण असल्या प्रयोगास दुसऱ्याचा गाल घेण्याचा अधिकार कोणासही नाही. निष्कर्ष असा: केस कापण्यात दोहोंत फरक नाही; हातात धरलेला सुटा केस दोन्ही धारा सारख्याच तोडतात. फरक कातडीला कळतो. कृत्रिम दगडाची धार तीक्ष्ण पण किंचित कडक. तुरटी फिरविली म्हणजे झोंबते. जपानी दगडाची धार मऊ. तुरटी झोंबत नाही. दोन-तीन वेळा आम्ही ओळखण्यात चुकलो, परंतु बहुतेक वेळा ओळख बरोबर आली.

अहवाल येथेच संपावयाचा. परंतु सहज मनात आले, म्हणून धोकटीच्या तळाशी असलेला तीर्थरूपांचा जुना निसणा बाहेर काढला. हिरवट करडा, तळहाताएवढा, मध्ये खोलगट झालेला. पंधरा वर्षे त्यास पाणी लागले नव्हते, कारण कृत्रिम दगड घेतल्यापासून आम्ही त्याकडे पाहिलेच नव्हते. तोही काचेवर सपाट केला आणि जपानी दगडाशी त्याच रीतीने लढविला. आठ दिवस झाले तरी कोणता गाल कोणाचा हे आम्हांस खात्रीने सांगता येईना. चिरंजीव हसू लागले. आम्हांस मात्र हसू आले नाही. चाळीस वर्षे ज्या दगडावर तीर्थरूपांनी कुटुंबाचे पोट चालविले, तो आम्ही धोकटीत पुरून ठेवला आणि त्याच्या तोडीचा दगड समुद्रापलीकडून आणविला.

त्यानंतर आम्ही पाच-सहा घरी विचारपूस केली. एका घरी असा दगड तुळशीवृंदावनाच्या पायरीखाली पाचर म्हणून बसविला होता. दुसऱ्या घरी मुले त्यावर पेन्सिलीस टोक काढीत. तिसऱ्या घरी, गेल्या वर्षी धोकटीसकट भंगारात दिला, असे सांगितले. सांगणाऱ्या वहिनींच्या आवाजावरून त्यांनाही ते आता लागले असावे असे वाटले. तेव्हा दहा जपानी दगड घेण्यापूर्वी आपापल्या घरचे माळे आणि पेट्या एकदा पाहाव्यात, अशी विनंती आहे. सगळेच जुने दगड चांगले निघतील असे नव्हे. आम्ही पाहिलेल्यांपैकी दोन साफ खरबरीत होते. पाण्याचा थेंब, नख, भिंग आणि स्वतःचा गाल ही परीक्षा त्यांनाही लावावी.

आता सूचनेविषयी आमचे मत. जपानी दगड चांगला आहे, दिलेल्या पैशांस तो उतरला. परंतु नवशिक्याच्या हाती तो देऊ नये. आम्ही एवढी वर्षे धार लावीत आलो, तरी आम्हांस तो वळणावर आणण्यास महिना लागला; नवशिका पहिल्या चार दिवसांतच दगड आणि वस्तरा दोन्ही टाकून देईल. शिवाय नैसर्गिक दगड एकासारखा दुसरा नसतो. दहा मागविले तर दहांची अशी परीक्षा करावी लागेल, आणि त्यांतील दोन-तीन नाकातोच निघाले तर ते पैसे परत कोण देणार? यास्तव वर्गासाठी १००० आणि ८००० क्रमांकांच्या कृत्रिम दगडांच्या दोन जोड्या, एक जाड काच आणि एक चांगले भिंग घ्यावे. हा खर्च वर्गाच्या चालू खात्यातून भागेल. विद्यार्थी-साहाय्य निधीस हात लावू नये. त्या निधीतून या वर्षी ज्या मुलामुलींची पुस्तके व्हावयाची आहेत, त्यांची नावे यादीत आधीच लागली आहेत. ज्या तरुणांनी सूचना मांडली त्यांना कोणी हिणवू नये. धारेच्या कामातून मिळकत होईल हा त्यांचा हिशेब बरोबर होता; आरंभ अखेरच्या दगडापासून केला, एवढीच चूक, आणि तीच चूक आम्हीही केली.

दगडाची किंमत भाचे घेत नाहीत, म्हणून तो संघाच्या दप्तरी देणगी म्हणून जमा करीत आहोत. चिटणीसांकडे तो राहील. ज्याचा वस्तरा खालच्या दगडांवर नीट तयार झाला असेल त्याने भिंगाखाली तो चिटणीसांस दाखवावा आणि मग दगड मागावा. आज तो समोरच्या टेबलावर ठेवला आहे, शेजारी तीर्थरूपांचाही आहे. सभा संपल्यावर दोन्ही हाताळून पाहावेत. जपानी दगडावरील तपकिरी रेघ आम्ही पांढऱ्या रंगाने खुणावली आहे. त्या बाजूस कृपा करून कोणी वस्तरा नेऊ नये.